कुंडीखालचे पाणी

चिकपेट म्हणजे लहान पेठ. बंगळूरच्या जुन्या वस्तीत दोड्डपेटे, म्हणजे मोठी पेठ, उत्तर-दक्षिण जाते व चिक्कपेटे तिला आडवी छेदते. १५३७ साली केंपेगौडाने चार नांगर जुंपून चार दिशांना धाडले, ही नगराच्या स्थापनेची कथा या चौकाचीच सांगतात. पुढे १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जयराम पिंड्ये यांच्या ज्या 'राधामाधवविलासचंपू'चे संपादन राजवाड्यांनी केले, त्यात अनेक भाषांचे कवी शहाजीच्या स्तुतीसाठी एकत्र येतात. चिकपेटेत उभे राहिले की तो दरबार ही निव्वळ कविकल्पना वाटत नाही. एकाच दुकानात गिऱ्हाईक तमिळमध्ये विचारते, मालक कन्नडात उत्तर देतो, नोकर तेलुगूत साडी उलगडतो आणि हिशेब कोणी मारवाडीत पुटपुटतो. या गलबल्याच्या मागे, रेशमाच्या दुकानांच्या पिछाडीला, अरुंद बोळांत शिंपी, रंगारी, भावसार अशी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. पेठेत पांडुरंगाची देवळे आहेत. मराठी आहे, पण तिच्या क्रियापदांना कन्नड हेल आला आहे.

अशाच एका बोळात माझी आत्या राहते. तिच्या घराला अंगण म्हणावे अशी जागा नाही. मागच्या दारी आठ हात लांब आणि चार हात रुंद असा उघडा चौक आहे, आणि त्यात तिने एक अरण्य वसविले आहे. मध्ये तुळशीचे वृंदावन, भोवती पत्र्याच्या डब्यांत जास्वंद, शेवंती, गवती चहा, कोरफड. भिंतीला टेकलेल्या बाटल्यांतून पाण्यात मुळे सोडलेला मनी प्लँट. आणि प्रत्येक कुंडीखाली एक बशी, थाळी, नाही तर कान तुटलेले पातेले. कुंडीतून झिरपलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. कोपऱ्यात एक दगडी रगडा पडलेला असे. येथे त्याला ओरळकल्लू म्हणतात. घरात विजेवर चालणारे यंत्र आल्यापासून त्यात इडलीचे पीठ वाटले गेलेले नाही. पावसाचे पाणी मात्र वर्षातून चार महिने असे.

हे सर्व मी लिहितो आहे ते डासांमुळे. विषय क्षुद्र आहे हे मला मान्य आहे. ज्ञानदेवांनी पहिल्याच अध्यायात गीतार्थाचा अपारपणा आणि आपला लहानपणा सांगताना मशकाने आकाश मुठीत धरण्याचा दृष्टांत योजिला आहे. क्षुद्रतेच्या परिमाणासाठी त्यांनाही याहून लहान जीव सापडला नसावा. आपल्या परंपरेने या प्राण्याकडे दुर्लक्ष केले असे मात्र नाही. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात जीवांची जी वर्गवारी आहे, तीत दंश आणि मशक हे स्वेदज, म्हणजे घामातून, उष्म्यातून जन्मणारे, असे सांगितले आहे. सुश्रुताने कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार दिले आहेत. त्यांत एक सामुद्र, तर एक पार्वतीय. 'डास' हा आपला शब्द 'दंश'पासून आला. उत्तरेकडून आलेल्या 'मच्छर'चा संबंध कोशकार 'मत्सर'शी लावतात, आणि संस्कृत कोशांत मत्सर या शब्दाचा माशी किंवा डास असा अर्थ नोंदलेलाही आहे. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला ही गंमत पुरेशी वाटेल. मला मात्र यात एक उणीव जाणवते. घोंघावणाऱ्या, चावणाऱ्या, कानाशी गुणगुणणाऱ्या जीवाला आपल्याजवळ डास, मच्छर, चिलट, घुंगुरटे असे कितीतरी शब्द आहेत. पण तोच जीव पाण्यात वळवळत असतो त्या अवस्थेला घरगुती बोलीत खास नाव नाही. 'पाण्यातले किडे' किंवा 'अळ्या' एवढेच आपण म्हणतो, आणि अळी म्हटली की कोबीवरचीही अळीच. ज्याला घामातून जन्मलेला मानले त्याचे बालपण पाण्यात कोण शोधणार? आत्याच्या डोळ्यांसमोर बशीतल्या पाण्यात ते किडे रोज खालीवर होत असत. ती म्हणे, "पाणी जिवंत आहे, म्हणून किडे आहेत. मेलेल्या पाण्यात काय राहतंय?"

तिचे हे वाक्य मला कितीतरी दिवस अडवून धरत होते, कारण ते अर्धे खरे आहे. डेंग्यूचा डास, ज्याला एडिस इजिप्ती म्हणतात, गटारात सहसा जात नाही. त्याला घराच्या आसपासचे, सावलीतले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. गटाराचा डास निराळा, क्यूलेक्स; तो अंड्यांचा तराफा पाण्यावर सोडतो. मलेरियाचा अ‍ॅनोफेलिस आणखी निराळा. त्याची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते, तर इतरांच्या अळ्या शेपटीकडची श्वासनळी वर लावून उलट्या लोंबतात. अ‍ॅनोफेलिसची जी जात भारतातल्या शहरांत विहिरी आणि टाक्यांतून वाढते, तिचे पहिले शास्त्रीय वर्णन लिस्टन याने १९०१ मध्ये वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या, नमुन्यांवरून केले. आणि १९३७ मध्ये स्वीट व राव या संशोधकांनी तिच्या अंड्यांवरील पन्हळी मोजून तिचा एक उपप्रकार वेगळा काढला, त्याला म्हैसूरच्या नावावरून 'मायसोरेन्सिस' म्हटले. एका डासाच्या नावात वऱ्हाड आणि म्हैसूर असे शेजारी यावेत, याचे मराठी आणि कन्नड वाङ्मयाच्या तौलनिक अभ्यासकांनी काय करावे हे मी त्यांच्यावर सोपवितो.

एडिसची मादी आपली अंडी पाण्यात टाकत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला, ती एकेक अंडे चिकटविते. पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने कोरडी राहून जगतात. पुन्हा पाणी चढले की फुटतात. उन्हाळ्यात ठणठणीत वाळलेली थाळी आपण निर्धास्तपणे भिंतीशी उभी करून ठेवतो आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत त्या थाळीतून डास उडतात, याचे कारण हे. म्हणूनच नुसते पाणी ओतणे पुरेसे नसते. भांड्याची आतली कड काथ्याने किंवा ब्रशने घासावी लागते. हे एवढे साधे कृत्य आठवड्यातून एकदा झाले तर अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास पुरा होत नाही. महाराष्ट्रातल्या नगरपालिका यालाच 'कोरडा दिवस' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला दारूबंदीची आठवण झाली आणि इतरही अनेकांना झाली असणार.

या नगराशी या विषयाचा एक जुना संबंध आहे. १८८३ साली रोनाल्ड रॉस नावाचा सव्वीस वर्षांचा लष्करी डॉक्टर बंगळूरच्या छावणीत राहत होता. छावणी पेठेपासून फार दूर नव्हे; मात्र ती दोन निराळी जगे होती. त्याच्या बंगल्यात डासांचा उपद्रव शेजाऱ्यांहून अधिक. खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप होते, त्यात त्याने डोकावून पाहिले तर अळ्यांचे थवे. त्याने पिंप उपडे केले आणि डास जवळजवळ नाहीसे झाले. मलेरिया डासांमुळे होतो हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हते, कोणालाच ठाऊक नव्हते. त्याला फक्त झोप हवी होती. या शोधाने हर्षित होऊन तो पलटणीच्या अ‍ॅड्ज्युटंटकडे गेला आणि म्हणाला की भोजनगृहातले डासही असेच घालविता येतील. ते बागेतल्या पिंपांत, मेजाच्या पायांखाली ठेवलेल्या डब्यांत आणि फुलदाण्यांतसुद्धा वाढत आहेत. अधिकाऱ्याने त्याची थट्टा केली आणि हात लावू दिला नाही. निसर्गाची व्यवस्था आपण कशाला बिघडवावी? डास काही हेतूनेच निर्माण झालेले असणार, तेव्हा त्यांना सहन करणे हे आपले कर्तव्य. रॉसने उत्तर दिले की मग ढेकूण आणि पिसवांनाही हाच न्याय लावावा लागेल. हा सगळा प्रसंग त्याने १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितला आहे.

रॉस पुढे १८९५ मध्ये कॉलऱ्याच्या निमित्ताने स्वच्छतेच्या विशेष कामावर बंगळुरात परत आला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस त्याला ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. त्याआधी दोन वर्षे तो बहुधा करड्या आणि पट्टेरी डासांची पोटे उघडीत बसला होता, म्हणजे चुकीच्या जातींची. १९०२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तो कविताही करी, आणि १८८९ मध्ये त्याची 'द चाइल्ड ऑफ ओशन' ही कादंबरी निघाली होती. पण मला त्याच्या सर्व चरित्रात ते उपडे केलेले पिंपच अधिक मोलाचे वाटते. सूक्ष्मदर्शकाखालच्या शोधाला विद्या लागते. फुलदाणी ओतायला लागत नाही, आणि तरीही ती ओतली गेली नाही. अ‍ॅड्ज्युटंटला हसणे सोपे आहे. माझी आत्या त्याच्या पक्षाची आहे आणि तिला हसणे मला जमत नाही.

तिच्या बाजूने काय आहे ते सांगितले पाहिजे. बंगळूरला नदी नाही. हे नगर उंचवट्यावर वसलेले, आणि केंपेगौडांच्या काळापासून तळ्यांवर जगलेले. पेठेला पाणी देणारे धर्मांबुधी तळे आज बसस्थानकाखाली गेले आहे. संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण आहे. कावेरीचे पाणी १९७४ मध्ये आले ते सुमारे शंभर किलोमीटरवरून, अनेक टप्प्यांत वर चढवीत. अशा गावात जन्म काढलेल्या बाईला पाणी ओतून दे म्हणणे म्हणजे धान्य रस्त्यावर टाक म्हणण्यासारखे आहे. २०२४ च्या मार्चमध्ये पाणीटंचाई इतकी झाली की पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यावर बंदी आणली आणि मोडणाऱ्याला ५००० रुपये दंड लावला. त्या महिन्यांत आत्याने तांदूळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी, हात धुतलेले पाणी असे सगळे बादल्यांत साठवून तुळस जगविली. त्याच वर्षी पावसाळ्यात डेंग्यू वाढला. कर्नाटक शासनाने त्याला साथरोग ठरविले आणि घरात पाणी साचू देणाऱ्याला दंडाची तरतूद केली. शहरी घराला ४०० रुपये. एकाच वर्षात, एकाच तुळशीसाठी, पाणी घातले म्हणून एक दंड आणि पाणी राहिले म्हणून दुसरा. शासनाची दोन्ही फर्माने योग्यच होती, हीच यातली अडचण.

आरोग्य खात्याची बाई आली ती जुलैमध्ये. हातात विजेरी, खांद्याला पिशवी. तिने बशांत प्रकाश टाकून पाहिले, रगड्यात पाहिले, आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "अम्मा, नीरु चेल्लबेकु." पाणी ओतले पाहिजे. आत्याने तिला कॉफी दिली, पाणी ओतले नाही. मी बोललो तर म्हणाली, "मार्चात तू कुठं होतास रे? तेव्हा कुणी विजेरी घेऊन आलं नाही, अम्मा पाणी आहे का म्हणून."

ऑगस्टमध्ये शेजारच्या कन्नड कुटुंबातली नऊ वर्षांची मुलगी तापाने पडली. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि सर्वांना हायसे वाटले. डेंग्यूत खरा धोका त्याच वेळी सुरू होतो हे थोड्यांना माहीत असते. पोट दुखू लागले, हातपाय गार पडले. तिला रुग्णालयात सहा दिवस ठेवावे लागले. या रोगावर नेमके औषध नाही. शिरेतून द्रव किती आणि केव्हा द्यायचा याचा विवेक हाच उपचार. मुलगी बरी होऊन घरी आली. परंतु दोन घरांमध्ये काहीतरी बिनसले. मुलीची आई भांडली नाही. रोज सकाळी ती आत्याच्या तुळशीची चार पाने मागून नेत असे, तेवढे तिने थांबविले. बोळातल्या भाषेत याहून कठोर शब्द नाही.

आत्याचे मन या मौनाने जेवढे दुखावले तेवढे आरोपाने दुखावले नसते. ती मला विचारी, "तो डास आमच्याच बशीतला होता, हे कशावरून?" प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होता. एडिस फार लांब उडत नाही. पुष्कळदा जन्मलेल्या घराच्या आसपासच त्याचे आयुष्य सरते. पण त्या बोळात शंभर पावलांच्या आत चाळीस घरे, तितक्याच टाक्या, दुकानांमागची प्लॅस्टिकची खोकी आणि एक अर्धवट बांधकाम. शिवाय बशीतून उडालेला डास सहसा रोग घेऊन जन्मत नाही. त्याने आधी कोणा तापलेल्या माणसाला चावले पाहिजे, मग आठ-दहा दिवस विषाणू त्याच्या अंगात मुरला पाहिजे, आणि मग त्याने त्या मुलीला चावले पाहिजे. रोग माणसाचा, वाहन डासाचे, आणि वाहनाचा गोठा कुणाच्या तरी दारात. यात अपराधी कोण हे कोणतेही न्यायालय ठरवू शकणार नाही. मी हे सगळे तिला सांगितले, तिची बाजू बळकट व्हावी म्हणून. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आमचा नव्हता असंही नाही."

या एका वाक्यापुढे माझे सारे वाचन थिटे पडले. दोष सिद्ध झाल्यावर आपण काय करतो याची चर्चा धर्मशास्त्रांत विपुल आहे. दोष सिद्ध होणारच नाही अशा जागी माणसाने काय करावे हे आत्याने स्वतःपुरते ठरविले. दुसऱ्या शुक्रवारी, उंबरठे धुण्याच्या वेळी, तिने सगळ्या बशा गोळा केल्या. पाणी फेकले नाही. एका पिंपावर जुन्या धोतराचे फडके ताणून बांधले आणि त्यातून ते गाळून आत ओतले. फडक्यावर अळ्या राहिल्या; त्या तिने उन्हात झटकल्या. मग फडके तसेच तोंडाला घट्ट बांधून पिंप झाकून ठेवले. बशांच्या कडा काथ्याने घासल्या आणि काठोकाठ वाळू भरली, म्हणजे पाणी झिरपले तरी वाळूत मुरते, वर उघडे राहत नाही. मनी प्लँटच्या बाटल्यांचे पाणी बदलून मुळे नळाखाली धुतली. पाण्याचा थेंब वाया गेला नाही आणि डासाला जागाही उरली नाही. १८८३ च्या छावणीत कोणी या बाईला विचारले असते तर अ‍ॅड्ज्युटंटचा आणि रॉसचा तंटा मिटला असता.

इतर उपायांची माहिती मी तिला पुरवीत होतो. पाण्यावर रॉकेलचे थेंब टाकण्याची जुनी रीत झाडांच्या मुळावर येते. गंबूझिया नावाचा अळीभक्षक मासा १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. विहिरीत आणि हौदात तो कामाचा आहे, पण आता तो आपल्या तळ्यांतल्या देशी माशांचीही अंडी-पिल्ली खातो म्हणून त्याच्याविषयी तज्ज्ञ साशंक आहेत. १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला एक जिवाणू अळ्यांना मारतो आणि झाडांना वा माणसांना अपाय करीत नाही. त्याची पूड मिळते. आत्याने हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "वाळू संपली की आणायची कुठून, ते सांग."

आपल्याकडे साथ ओसरली की तिची आठवणही ओसरते. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीस चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर तो रोग या देशात जवळजवळ बत्तीस वर्षे दिसला नाही, आणि २००५-०६ मध्ये परतला तेव्हा कर्नाटकाला आणि महाराष्ट्राला त्याने अक्षरशः वाकविले. नावाचा अर्थच तो आहे. पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेत वेदनेने वाकून जाणे असा. बार्शीच्या साथीची आठवण मराठी साहित्यात कोठे उमटल्याचे माझ्या वाचनात नाही. प्लेगने आपल्याला रँड दिला, चाफेकर दिले, सावित्रीबाईंचा मृत्यू दिला; बंगळूरला त्याच प्लेगने १८९८ नंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहती दिल्या. डासाने दिलेल्या दुखण्यांना असा इतिहास लाभला नाही. ती घरोघर, एकेका खाटेवर भोगली गेली.

राहिला रगडा. तो उपडा करायला दोन माणसे लागतात आणि आत्याच्या घरी दोन माणसे नाहीत. त्या मुलीचे वडील एका रविवारी आपणहून आले. कोणी बोलाविले होते की नाही ते मला कळले नाही. त्यांनी आणि मी मिळून तो तिरका केला. गढूळ पाणी निघाले, कुजलेली पाने निघाली, आणि तळाशी आत्याच्या सासूबाईंच्या काळातली म्हणून तिने ओळखलेली एक पितळी जोडवी निघाली. रगडा परत सरळ करण्यापूर्वी आत्या म्हणाली, रिकामा ठेवला तर पुन्हा भरेल. म्हणून त्यात माती भरली, पाणी वर साचू नये अशी मध्ये उंच, कडेला उतरती. त्या मातीत तिने पानांचा ओवा लावला. कन्नडात त्याला दोड्डपत्रे म्हणतात. त्याची पाने जाड आणि लवदार असतात, पाणी थोडे लागते आणि ताकातली तंबुळी चांगली होते. महिन्याभरात तो रगड्याच्या काठावरून बाहेर लोंबू लागला. मुलीची आई आता तुळशीबरोबर त्याचीही पाने नेते.